मानपत्रातलं निदान

मी एल.एम.पी. झालेला, म्हणजे पदवीऐवजी परवाना मिळालेला डॉक्टर. एम.बी.बी.एस.वाले आम्हाला अर्धा डॉक्टर समजत आणि खेड्यातले लोक दीड. दोघांचंही चुकत होतं, हे सांगायला आता या वयात हरकत नाही.

पन्नासच्या दशकातली सात वर्षं मी जनपद सभेच्या, म्हणजे तालुक्याच्या कारभारी मंडळाच्या, एका दवाखान्यात काढली. हिंगणघाटापासून बैलगाडीने दोन तास. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि वर्धा जिल्ह्यातला प्रत्येक कागद नागपूरला जाऊन यायचा, यायचा असला तर. दवाखान्यात एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, ज्याच्या भिंगावर चरा होता, आणि तीन मोठ्या बरण्या: तापाचं औषध, खोकल्याचं आणि पोटाचं. रोग्याने बाटली घरून आणायची. कंपाउंडर गुलाबराव कागदाची पट्टी कातरून बाटलीवर चिकटवत. एक कंगोरा म्हणजे एक डोस. माणसं हिवताप घेऊन येत, खरूज घेऊन येत, बैलाने मारलेली मांडी किंवा सरकी काढायच्या जिनात सापडलेलं बोट घेऊन येत. दवाखान्यात कधीच कुणी घेऊन येत नसे ती एक गोष्ट म्हणजे बदललेला स्वभाव. स्वभावाला औषध नाही, हे आपल्याला पाळण्यातच शिकवलेलं असतं. त्यामुळे म्हातारा एकाएकी वेडंवाकडं वागू लागला तर त्याला म्हातारचळ म्हणायचं, म्हातारी वागू लागली तर बाहेरचं झालं म्हणायचं आणि सून वागू लागली तर माहेरचं वळण.

एका माणसाच्या बाबतीत मात्र आमच्या गावाने चौथंच नाव शोधून काढलं. त्यात मीही होतो, म्हणून ही हकिकत. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं मुद्दाम लिहीत नाही.

वामनराव रेल्वेत स्टेशनमास्तर होते. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन बायकोसह गावी आले. एकुलती मुलगी शांता, ती पुलगावला दिलेली. इतका अदबशीर माणूस मी पाहिला नव्हता. थर्ड क्लासच्या उतारूशी 'आपण' म्हणून बोलणारा स्टेशनमास्तर कुणी ऐकला आहे का? प्लॅटफॉर्मवर सासरी निघालेली मुलगी रडताना दिसली की यांचेच डोळे भरून येत, असं त्यांच्या बायकोने, म्हणजे मैनाकाकूंनी, मला सांगितलं होतं. दवाखान्यात एक दिवस शिळं वर्तमानपत्र येई. ते वाचायला वामनराव रोज संध्याकाळी येत आणि आत रोगी असला तर दाराबाहेर चप्पल काढून उभे राहत.

वर्षभराने त्यांनी उभं राहणं सोडलं. सरळ आत येत, तपासणीच्या टेबलावर कुणी उघडं झोपलेलं असलं तरी. बाईमाणूस असलं तरी. पेपर वाचून झाला की खाली टाकून चालू लागत. मला वाटलं, तीस वर्षं शिट्ट्या आणि झेंड्या सांभाळलेला माणूस आता मोकळा झाला आहे, होऊ द्यावा.

मग चरखा आला. चरखा तेव्हा आमच्या जिल्ह्यात घरोघरी होता. निम्म्या घरी तो फिरे आणि निम्म्या घरी दिसेल असा ठेवलेला असे. वामनरावांचा पहाटे सुरू होई तो जेवणापर्यंत. सूत तुटलं तरी चाक फिरतच राही. तुटलेलं सूत कुणी पाहिलं नाही, फिरणारं चाक सगळ्यांनी पाहिलं. जेवणात भाजी सुटली, वरण सुटलं, भाकरी जवळजवळ सुटली, उरला गूळ आणि केळी. दुपारी तीनला घरून निघून रेल्वेच्या फाटकापर्यंत जायचं, तिथल्या मैलाच्या दगडाला हात लावायचा आणि परत यायचं. उन्हाळा असो की चिखल. लोक त्यांच्यावरून घड्याळ लावू लागले.

आणि ते खरं बोलू लागले. गावात भाऊसाहेब म्हणून एक गृहस्थ होते, कापसाचे व्यापारी, जनपद सभेचे सदस्य आणि गावातल्या प्रत्येक समितीचे अध्यक्ष. समिती नव्हती असं गावात एकच काम उरलं होतं, नाल्या साफ करण्याचं. एका सभेत ते साध्या राहणीवर बोलत होते. पाऊण तास झाला असेल. पुढच्या रांगेतून वामनराव उठले आणि म्हणाले, "हे मागच्या खेपेले बोलले होते तुमी. बसा आता." एवढं बोलून ते निघून गेले. सभा आधी गार पडली, मग हसली. भाऊसाहेब मुरब्बी होते. ते म्हणाले, "सत्य कडू असते बाप्पा. असा माणूस गावाले लाभला हे आपलं भाग्य."

तेव्हापासून वामनराव सत्यवादी. मी त्या दिवशी नुसता हसलो नाही, मला आनंद झाला. हारतुरे आणि भाषणं यांचा मला तेव्हाही तिटकारा होता आणि जे मी नोकरीपायी बोलू शकत नव्हतो ते कुणीतरी भर सभेत बोलून दाखवत होतं. बाकीच्या गावाने त्यांना भक्तीने डोक्यावर घेतलं असेल. मी माझ्या तिरकसपणापायी घेतलं. निदान चुकायला दोन्ही सारखीच पुरली.

शांता पहिल्या बाळंतपणात गेली. पुलगावहून तार आली तेव्हा मैनाकाकू अंगणातच कोसळल्या म्हणून मला बोलावणं आलं. काकूंना आत निजवलं होतं. वामनराव ओसरीवर चरखा फिरवत होते. तारेचा कागद त्यांच्याजवळच होता आणि त्यावर गुळाचा खडा ठेवलेला होता. मी गुडघ्यावर बसलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"शांता गेली," ते म्हणाले. "गूळ संपत आला. आणा लागते."

चाक थांबलं नाही. दारात माणसं जमली होती. त्यांतलं कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "स्थितप्रज्ञ." दुसऱ्याने हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला. काटा बरोबर होता. अर्थ मी चुकीचा लावला. घरी येऊन बायकोला म्हणालो, असा माणूस आपण पाहिला हे काय कमी आहे. पुढच्या आठवड्यात देवळातल्या कीर्तनकाराने वामनरावांचा दाखला दिला आणि गावाने टाळ्या वाजवल्या. मुलगी जाऊन नऊ दिवस झाले होते.

नंतरच्या वर्षात भाऊसाहेबांनी एक समिती नेमली. वामनरावांच्या साठीनिमित्त जाहीर सत्कार करायचा, वणा नदीच्या काठी त्यांच्यासाठी कुटी बांधायची आणि सत्काराच्या दिवशी त्यांनी घर सोडून कुटीत राहायला जायचं, कायमचं आणि एकट्याने. मैनाकाकूंनी व्यासपीठावर येऊन नवऱ्याच्या हाती झोळी द्यायची. तसं केल्याने पाहणाऱ्यांवर चांगला परिणाम होईल, असं समितीच्या ठरावात लिहिलं होतं.

सत्काराला पंधरा दिवस राहिले असताना काकू दवाखान्यात आल्या. हातात बाटली.

"खोकला हाय."

"किती दिवसांपासून?"

त्यांनी खोकून दाखवलं. इतका सभ्य आणि इतका खोटा खोकला मी पुन्हा ऐकला नाही. गुलाबराव बाटली घेऊन आत गेले तशी त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"डाक्टर, मानूस साधू झाला हे कशावरून समजते? काई खून असते का? तापाची असते तशी."

"म्हणजे काय झालं काकू?"

"परवा मी ताट घेऊन येत होतो, उंबऱ्याले अडकून पडलो. हात मुरगळला." त्यांनी पदराखालचं सुजलेलं मनगट दाखवलं. "हे पाह्यत होते. हासले. मंग खाली सांडलेली भाकर उचलून खाल्ली आन् चालले गेले. साधूले असं हासू येते का?"

मी मनगट चाचपून पाहिलं.

"शेजारच्या घरात जाऊन डब्यातून गूळ काढून आनतात. आंगनातच लघवीले बसतात, सुनाबायांसमोर. शेजारीन म्हनते, काकू, त्याइले आता देहभान नाई, तुमी पुन्यवान हात." काकू थांबल्या. "शांताले मी पयल्या खेपेले घरी आनलं नाई. रीत हाय आपली, पयलं बाळंतपन मायच्या घरी. मीच म्हटलं, पुलगावले दवाखाना मोठा हाय, तिथंच राहू दे. हे काई बोलले नव्हते. मले वाट्टे, त्याचाच राग धरला. तार आली त्या दिवसापासून मी त्याइच्या तोंडाकडे पाह्यतो, कवा तरी बोलतीन, तुयामुळं गेली म्हनून शिव्या देतीन. शिव्या बी देत नाईत."

"काकू..."

"एवढं सांगा. हे माह्यावर रागावले का साधू झाले? रागावले असन तर मी पाय धरतो, झोळी काई देत नाई. साधू झाले असन तर देतो. पन एकटे राह्यले तर मरतीन ते. पाय पोळला तरी काढत नाईत इस्तवावरून."

एका बाईने एका रोग्याची याहून चांगली हकिकत कुठल्याही डॉक्टरला सांगितली नसेल. मी काय म्हणालो ते लिहिताना आजही पेन जड होतं. मी म्हणालो, "काकू, मोठ्या माणसाच्या घरी बाईला सोसावंच लागतं."

त्यांनी मनगट पुन्हा पदराखाली घेतलं. "हो जी. तुमच्या घरी बाई हायत, तुमाले मालूम असन."

बाटली घेऊन त्या गेल्या. गुलाबराव दारापाशी उभे होते.

"बाईले खोकला नाई साहेब."

"माहीत आहे."

"मंग बाटली काऊन देल्ली?"

त्या प्रश्नापायी दुसऱ्या दिवशी मी वामनरावांना तपासायला गेलो. खेड्यातल्या डॉक्टरने डोकं कसं तपासायचं याची तेव्हा एक ठरलेली रीत होती. वार विचारा, महिना विचारा, शंभरातून सात सात वजा करायला लावा. वामनरावांनी वार सांगितला, तिथी सांगितली, वजाबाक्या माझ्यापेक्षा लवकर केल्या. वर्ध्यापासून बल्लारशापर्यंतची स्टेशनं जाताना आणि येताना, दोन्हीकडून म्हणून दाखवली. मी वहीत लिहिलं: बुद्धी शाबूत. दरम्यान त्यांनी माझ्या पिशवीतला स्टेथोस्कोप काढून कानाला लावला आणि माझ्याच छातीवर ठेवला. मी हसलो. आत चुलीपाशी बसलेल्या काकू हसल्या नाहीत.

इथे बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगायला हवं. म्हातारपणी मेंदू बिघडतो म्हणजे आठवण जाते, असं आम्हाला वाटत असे आणि आजही बहुतेकांना वाटतं. पण मेंदूचा कपाळामागचा भाग आधी झिजू लागला तर आठवण जागच्या जागी राहते. जाते ती लाज, माया, दुसऱ्याला लागलं की आपल्याला लागणं. आज त्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. आमच्या वेळी त्या रोगाच्या एका प्रकाराला एका परदेशी डॉक्टरचं नाव होतं आणि ते परीक्षेत येत नसे. मेडिकल स्कूलमध्ये मनोविकारांवर जेमतेम चार व्याख्यानं झाली. चौथ्याला मी बसलो होतो, कारण बाहेर ऊन होतं. प्राध्यापकांनी एका निवृत्त कारकुनाला आणलं. त्याने सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली आणि जाताना प्राध्यापकांचं पेन खिशाला लावून गेला. आम्ही हसलो. प्राध्यापकांनी फळ्यावर पाच शब्द लिहिले: खाणं, क्रम, लाज, दुःख, बोलणं. म्हणाले, "याला काही विचारू नका. याच्या बायकोला विचारा, हा पूर्वी असा होता का." मी ते पाच शब्द उतरवून घेतले आणि विसरलो.

सत्काराचा दिवस. हिंगणघाटाहून मांडव आला, लाउडस्पीकर आला आणि प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. त्या अवधीत लाउडस्पीकरवाल्याने 'हॅलो, हॅलो' याखेरीज दुसरं काही न बोलता लोकांना बसवून ठेवलं आणि त्या दिवसाचं सर्वांत आटोपशीर भाषण तेच होतं. व्यासपीठावर मध्ये वामनराव, गळ्यात सूतहार. भाऊसाहेबांच्या मुनीमजींनी मानपत्र लिहिलं होतं. ते वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज खणखणीत होता. मी आदल्या दिवशी ते वाचून पाहिलं नव्हतं. मानपत्रं कुणी आधी वाचत नाही, नंतरही नाही.

मी सुरू केलं. "आपण षड्रसांचा त्याग करून केवळ गुळावर देहधारणा करीत आहात." टाळ्या. "ऊनपावसाची तमा न बाळगता नित्य एकाच वेळी, एकाच मार्गाने आपली पदयात्रा चालते." टाळ्या. "लोकलज्जेची बंधने आपण केव्हाच तोडली आहेत." माझा आवाज जरा हलला. का, ते मला अजून कळलं नव्हतं. "प्राणप्रिय कन्येच्या निधनाची वार्ता येऊनही आपल्या नेत्रांतून अश्रूचा एक थेंबही ओघळला नाही."

इथे मी थांबलो. पुढची ओळ मला दिसत होती: "आपली वाणी मित झाली आहे, आणि जी आहे ती कुणाचीही भीड बाळगत नाही." पण त्या आधी मला फळा दिसला. खाणं, क्रम, लाज, दुःख, बोलणं. त्याच ओळीने. मुनीमजींनी आयुष्यात वैद्यकाचं एक पान वाचलेलं नव्हतं आणि माझ्या हातात सोनेरी वेलबुट्टीच्या कागदावर लिहिलेला, चार वर्षांचा, बिनचूक केसपेपर होता. वरती 'सन्माननीय' लिहिलेला. रोग प्रत्येकाने पाहिला होता. बारकाईने पाहिला होता, कौतुकाने लिहून ठेवला होता. गावात तो न पाहिलेला एकच माणूस होता आणि तो डॉक्टर होता.

लाउडस्पीकर नुसता गुणगुणत होता. "डाक्टर, वाचा," भाऊसाहेब मागून म्हणाले. मी मागे पाहिलं. वामनराव पाहुण्यांपुढच्या ताटलीतले पेढे एकामागून एक तोंडात घालत होते. पेढे संपले तसा त्यांनी हात लांबवून पाहुण्यांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि स्वतःला लावला. मांडव टाळ्यांनी दणाणला. पुढच्या बाकावरचं कुणीतरी म्हणालं, "बालभाव. शेवटची अवस्था हाय बाप्पा."

शेवटची नाही, पण पहिलीही नव्हती.

मी धीट माणूस नाही. मी उरलेलं मानपत्र वाचलं, शेवटच्या 'आपले विनम्र'पर्यंत. त्याची लाज अजून आहे. वाचून झालं तसं भाऊसाहेबांनी मैनाकाकूंना वर बोलावलं. त्या आल्या. कुणीतरी त्यांच्या हातात भगवी झोळी दिली. नवऱ्याकडे जायच्या आधी त्या माझ्यासमोर थांबल्या. डोळ्यांत पंधरा दिवसांपूर्वीचाच प्रश्न होता. मी मान हलवली, नको म्हणून. भाऊसाहेबांना दिसू नये इतकीच.

काकूंनी झोळी खुर्चीवर ठेवली. वामनरावांचा हात धरला. "घरी चाला. गूळ देतो." ते उठले आणि त्यांच्यामागून व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून चालू लागले, सूतहारासकट, चष्म्यासकट. मांडवात इतकी शांतता झाली की लाउडस्पीकरवाल्याला वाटलं यंत्र बंद पडलं, तो म्हणाला, "हॅलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब दवाखान्यात आले.

"गावाची इज्जत गेली. बाईनं साधू बुडवला. आमी आता त्याइले कुटीत नेतो. तुमी फक्त लिहून द्या, का मानूस ठणठणीत हाय."

"ते आजारी आहेत."

"आजारी? रोज फाटकापर्यंत जाऊन येतात."

"मेंदूचा आजार आहे भाऊसाहेब. गूळ, चालणं, न रडणं, तुम्हाला सभेत बसवलं ते, सगळा तोच आजार आहे."

भाऊसाहेब बसले. "मंजे," ते म्हणाले, "मंग आमी मानपत्र कोनाले देल्लं?"

सात वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता आणि त्यांचा चेहरा पाहून मला त्यांची कीव आली. मानपत्राखाली, न वाचता केलेली, सही माझीही होती.

खात्री करून घ्यायची होती. आणखी एक रोग हुबेहूब असं सोंग घेतो. गरमी, म्हणजे सिफिलिस, मेंदूपर्यंत पोचली की. ती असती तर पेनिसिलीनने काहीतरी हाती लागलं असतं. म्हणून गावाच्या साधूचं रक्त मी गरमीच्या तपासणीसाठी नागपूरला पाठवलं. गुलाबरावांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि ती घडी घालून पाकिटात घातली. त्यानंतरचे दहा दिवस मी, देव न मानणारा माणूस, एका सज्जनाला गरमी निघावी म्हणून प्रार्थना करत होतो. निघाली नाही.

मग काकू, वामनराव आणि मी नागपूरला त्याच प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी वामनरावांना दहा मिनिटं तपासलं आणि काकूंना दीड तास विचारत बसले. असं पहिल्यांदा कधी केलं? त्याआधी कसे होते? शांताच्या लग्नात रडले होते का? काकू म्हणाल्या, "पोरीपेक्षा जास्त." प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं. मग मला व्हरांड्यात बोलावून म्हणाले, तुमचं बरोबर आहे, औषध नाही, वाढतच जाईल. मी विचारलं, काकूंना कोण सांगणार? मी खोकल्याच्या बाटलीची गोष्ट त्यांच्यापाशी कबूल करून बसलो होतो. "तुम्ही," ते म्हणाले. "बाटली तुम्ही दिली होती."

पुष्कळ तरुण डॉक्टर मला विचारतात, ज्याला औषधच नाही त्याचं निदान लवकर करून काय मिळतं? वामनराव पुढे चार वर्षं जगले, घरी जगले. काकू गूळ कुलपात ठेवत, फाटकापर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक घराला त्यांनी सांगून ठेवलं होतं आणि विस्तवापाशी जाऊ नयेत म्हणून चूल कडी लागेल अशा खोलीत नेली होती. कुटीत भाऊसाहेबांनी सरकीच्या ढेपेची पोती ठेवली. हे मिळालं. मी वेळेवर जागा झालो असतो तर काय मिळालं असतं, ते परतीच्या गाडीत मला कळलं.

वर्ध्याला गाडी बदलून आम्ही हिंगणघाटच्या पॅसेंजरमध्ये बसलो. वामनराव खिडकीशी, काकू त्यांच्याजवळ, मी समोर. माझ्या शेजारी एक म्हातारी, मांडीवर गाठोडं. गाडी सुटल्यावर मी सांगायला लागलो. सोप्या शब्दांत सांगितलं, कारण अवघड शब्द मलाही नीट येत नव्हते. डोक्याचा पुढचा भाग वाळत जातो. आधी लाज जाते, मग माया. माणूस मुद्दाम करत नाही.

"कवापासून?"

"चार-पाच वर्षं तरी झाली."

काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "शांताले दीड वर्स झालं."

"हो."

"मंजे तार आली तवा..."

"तेव्हा ते रागावलेले नव्हते काकू. तुमच्यावर त्यांचा राग कधीच नव्हता. त्यांना ते लागलंच नाही. लागायची जागाच उरली नव्हती."

त्यांनी मान खाली घातली. एक स्टेशन गेलं. मग त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागल्या. मयताच्या घरी बायका रडतात तसं, मोठ्याने, नाव घेऊन. माह्ये शांते, माह्ये बाई. दीड वर्षात त्या रडल्या नव्हत्या. त्या घरात कुणी रडायचं नाही असं सगळ्या गावाने, टाळ्या वाजवून, ठरवून टाकलं होतं. डब्यातली माणसं वळून पाहू लागली. मला कुठे पाहावं ते कळेना.

शेजारच्या म्हातारीने गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठून काकूंना कवेत घेतलं. "कोन गेलं वं?"

"पोरगी," मी म्हणालो.

"कवा?"

मी मांडीवरचं गाठोडं सावरलं. म्हातारीने काकूंच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिचं लक्ष वामनरावांकडे गेलं. ते केळं सोलत होते. सोलून झालं तसं खायला लागले, बाहेर बघत.

"तुमी काऊन गप बसले जी?" म्हातारी फणकारली. "बाप ना तुमी? असं कसं काळीज हाय मानसाचं? बायको रडून राह्यली आन् हा केळं खाते."

काकूंनी तोंडावरचा पदर काढला. डोळे पुसले नाहीत, तसाच हात लांब करून वामनरावांच्या गुडघ्यावर ठेवला.

"त्याइले नोका बोलू बाई," त्या म्हणाल्या. "ते बिमार हायत."